पंचवीस ग्रॅमचा रुग्ण

प्रयोगशाळेतल्या एका प्रौढ उंदराचं वजन साधारण २५ ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसाशी बरोबरी करायची तर असे २,८०० उंदीर तराजूत टाकावे लागतील. आता त्यांच्या खाण्याचा हिशेब करू. एक उंदीर दिवसाला बाराएक कॅलरी खातो (आपण रोजच्या बोलण्यात म्हणतो ती कॅलरी, म्हणजे शास्त्राची किलोकॅलरी). तेव्हा हे २,८०० उंदीर मिळून रोज ३३,६०० कॅलरी फस्त करणार. एक वडापाव ३०० कॅलरींचा धरला तर एकशे बारा वडापाव झाले. रोज एवढं खाऊनही त्यांची वजनं जागच्या जागी! तेवढ्याच वजनाचा माणूस २,४०० कॅलरींवर दिवस काढतो आणि तरी त्याच्या सोनोग्राफीच्या कागदावर ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ असं छापून येतं.

फरक चौदा पटींचा आहे. आणि खाण्यापिण्यातून होणाऱ्या फॅटी लिव्हरबद्दल आपल्याला जे काही ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं याच प्राण्याकडून कळलेलं आहे.

आधी रोगाचा पसारा पाहू. जगभरात प्रौढांपैकी सुमारे ३० टक्के लोकांच्या यकृतात दारूशी संबंध नसलेली चरबी साठलेली असते. भारतातल्या निरनिराळ्या पाहण्या एकत्र करून २०२२ मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात आपल्याकडच्या प्रौढांचं प्रमाण ३८ टक्क्यांच्या घरात निघालं. दहा जणांच्या पंगतीत जवळपास चौघं. यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो, कारण लिव्हर दुखत नाही. चरबी साठते, काहींत पुढे सूज येते, सुजेतून चट्टे पडतात, चट्ट्यांतून सिऱ्होसिस होतो आणि क्वचित कर्करोग. या मधल्या, सुजेच्या पायरीला स्वतंत्र नाव मिळालं ते १९८० मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांच्याकडून. त्यांच्यापुढे रुग्ण होते अवघे वीस. २०२३ मध्ये या सगळ्या प्रकरणाचं पुन्हा बारसं झालं. आता वैद्यकात ‘मॅसल्ड’ आणि ‘मॅश’ म्हणतात. रिपोर्ट हातात घेऊन दवाखान्याबाहेर पडणारा माणूस अर्थातच अजून फॅटी लिव्हरच म्हणतो.

मग माणसांवरच अभ्यास का करत नाहीत? करतात, पण माणसाचं यकृत सहजी उघडून बघता येत नाही. सुई घालून तुकडा काढला तर तो दोन सेंटीमीटरच्या आसपास लांबीचा निघतो, शेवईच्या काडीएवढा. सगळ्या यकृताचा तो पन्नास हजारावा भाग. उरलेल्या ४९,९९९ भागांत काय चाललंय ते त्या काडीवरून ताडायचं. शिवाय वेळ. सूज आलेल्या यकृतात चट्ट्यांची एक पायरी पुढे सरकायला सरासरी सात वर्षं लागतात, नुसती चरबी असेल तर चौदा. पायऱ्या चार. एखाद्या संशोधकानं तरुणपणी रुग्णांचा गट निवडला, तर शेवटची पायरी दिसेपर्यंत तोच निवृत्त होऊन नातवंडांना शाळेत सोडत असेल.

उंदराचं आयुष्य अडीच वर्षांचं, आपलं पंचाहत्तरच्या आसपास. म्हणजे तीस पट. उंदराचा एक दिवस हा ढोबळमानानं आपला एक महिना. आपली सात वर्षं त्याच्याकडे बाराएक आठवड्यांत उरकतात. गंमत अशी की उंदरांवरचे आहाराचे प्रयोग १२ ते १६ आठवड्यांपासून वर्षभरापर्यंत चालतात, आणि या हिशेबानं ते बरोबर माणसाच्या सात ते तीस वर्षांत बसतात. हे गणित फार ताणू नये. पण एका पीएचडीच्या मुदतीत माणसाची तीस वर्षं बघून होतात, हे आकर्षण काही थोडंथोडकं नाही.

तर हा उंदीर कोण? बहुतेक वेळा एक काळाभोर प्राणी, नाव सी-५७ ब्लॅक-६. १९२१ मध्ये क्लॅरेन्स कुक लिटल यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ॲबी लेथ्रॉप या उंदीर पाळणाऱ्या बाईंकडच्या जनावरांपासून हे वाण सुरू केलं. ५७ हा त्यातल्या एका मादीचा क्रमांक. तेव्हापासून सख्ख्या भावाबहिणींचं मीलन घडवत हा वंश दोनशेहून अधिक पिढ्या पुढे आला आहे. असं वीस पिढ्या केलं तरी सगळी जनावरं जवळपास एकसारखी होतात, मग दोनशे पिढ्यांनंतरची गोष्टच सोडा. हजार उंदरांवर प्रयोग केला असं आपण वाचतो, तेव्हा एकाच जिवावर तोच प्रयोग हजारदा झालेला असतो. औषधाचा परिणाम नेमका मोजायला हे फार सोयीचं, पण दादरच्या फलाटावर उभ्या असलेल्या हजार माणसांबद्दल त्यावरून किती बोलायचं हा प्रश्न उरतोच.

या वंशाचं मोठं घर म्हणजे अमेरिकेच्या मेन राज्यातल्या बार हार्बर गावची जॅक्सन लॅबोरेटरी. १९४७ च्या ऑक्टोबरात तिथे वणवा आला आणि सुमारे ९० हजार उंदीर जळून गेले. पूर्वी इथूनच उंदीर नेलेल्या प्रयोगशाळांनी आपापल्याकडच्या जोड्या परत धाडल्या आणि घर पुन्हा वसलं. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४९ मध्ये, त्याच प्रयोगशाळेत एक गोलमटोल पिल्लू सापडलं. पोट भरल्याची जाणीवच नसलेलं हे वाण खात सुटतं आणि इतरांच्या तिप्पट वजनाला पोचतं. त्याच्यात नेमकी कशाची उणीव आहे, हे कळायला १९९४ साल उजाडलं: रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं लेप्टिन हे संप्रेरक शोधलं. या लठ्ठ उंदरांचं यकृत चरबीनं ठासून भरलेलं असतं, पण आपणहून त्यात फारसे चट्टे पडत नाहीत. फॅटी लिव्हरच्या अभ्यासकांची खरी डोकेदुखी इथून सुरू होते. उंदराला चरबी चढवणं सोपं आहे, त्याला माणसासारखं आजारी पाडणं महाकठीण.

त्यासाठी काय काय खाऊ घालतात ते पाहण्यासारखं आहे. नेहमीचं खाद्य म्हणजे तपकिरी, दगडासारख्या टणक गोळ्या. उंदीर त्या कुरतडत बसतो. जाडं करायचं असेल तर जगभर बहुधा एकच खाद्य मागवतात, न्यू जर्सीतल्या रिसर्च डाएट्स कंपनीचं, क्रमांक डी-१२४९२. या गोळ्या निळ्या असतात, कारण एकमेकांसारखी दिसणारी खाद्यं मिसळू नयेत म्हणून त्यांत रंग घालतात. हाताला तेलकट लागतात, दाबल्या की भुगा होतो, आणि खवट होतील म्हणून थंडीत ठेवाव्या लागतात. वजनाचा जवळपास तिसरा हिस्सा डुकराची चरबी, ६० टक्के कॅलरी स्निग्धांशातून. माणसानं असं खायचं ठरवलं तर २,४०० कॅलरींत रोज १६० ग्रॅम निव्वळ तूप-तेल पोटात जाईल. एवढं करून उंदराला मिळतं काय? लठ्ठपणा, वाढलेली साखर, चरबीनं भरलेलं यकृत. चट्टे मात्र वर्षभरानंतरही नावापुरतेच.

मग खाद्यात कोलेस्टेरॉल मिसळतात. उंदराचं शरीर कोलेस्टेरॉलला दाद देत नाही, म्हणून प्रमाण चढवत चढवत खाद्याच्या वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत नेलं गेलं. आपण दिवसाला अर्धा किलो कोरडं अन्न खातो असं धरलं तर २ टक्के म्हणजे १० ग्रॅम कोलेस्टेरॉल. पन्नासेक अंडी, रोज. सोबत ४० टक्के कॅलरी चरबीतून आणि भरपूर फ्रुक्टोज. एवढ्या माऱ्यापुढे मात्र उंदराचं यकृत हात टेकतं आणि अर्ध्या-पाऊण वर्षात चट्टे दिसू लागतात.

साखरेची गोष्ट याच्या उलट. व्हर्जिनियातले डॉ. अरुण सन्याल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘डायमंड’ नावाचं संकरित वाण पुढे आणलं. त्याला चरबीचं खाद्य आणि लीटरमागे ४२ ग्रॅम साखरेचं पाणी देतात. ऐकायला जबर वाटतं, पण बाजारातल्या कोलात लीटरला शंभर ग्रॅमहून जास्त साखर असते. प्रयोगशाळेनं उंदराला आजारी पाडायला वापरलेलं पाणी आपल्या पोरांच्या बाटलीपेक्षा निम्म्यानंही गोड नाही. त्या वाणात माणसासारखाच क्रम दिसतो: चरबी, सूज, चट्टे, आणि वर्षाच्या आत ८९ टक्के उंदरांना यकृताचा कर्करोग. माणसांत सिऱ्होसिस झाल्यावरसुद्धा वर्षाला शंभरातल्या एखाद-दोघांवर ही वेळ येते.

सेंट लुइसच्या एका गटानं २००८ मध्ये केलेला खटाटोप मला सगळ्यांत बोलका वाटतो. अमेरिकी जीवनशैलीची हुबेहूब नक्कल करायची म्हणून त्यांनी खाद्यात ट्रान्स फॅट घातली, पाण्यात मक्याच्या साखरेचं सिरप घातलं, आणि मग पिंजऱ्यातली वरची जाळी काढून टाकली. उंदीर त्या जाळीला लोंबकळतात, चढतात, उतरतात. तेवढाही व्यायाम नको! सोळा आठवड्यांत काम झालं. पुढे अमेरिकेत माणसांच्याच अन्नातून ट्रान्स फॅट हद्दपार झाली, आणि उंदरांची खाद्यंही बदलून पाम तेलावर आणावी लागली.

दुसरीकडे चरबी वाढवण्याऐवजी एक घटक काढून घेण्याची रीत आहे. तिचा उगम टोरंटोतल्या कुत्र्यांत सापडतो. इन्शुलिनच्या शोधानंतर स्वादुपिंड काढलेली कुत्री इन्शुलिनवर जगवली, तेव्हा त्यांची यकृतं चरबीनं भरून ती मरू लागली. कच्चं स्वादुपिंड खाऊ घातलं की वाचत. त्यातला गुण शोधत शोधत चार्ल्स बेस्ट आणि सहकारी १९३२ मध्ये कोलीनपर्यंत आले. कोलीन नसेल तर यकृताला चरबी बांधून बाहेर पाठवता येत नाही. त्यातूनच कोलीन आणि मेथिओनीन वगळलेलं खाद्य निघालं, जे उंदराच्या यकृताला दोन ते चार आठवड्यांत सुजवतं, दोनेक महिन्यांत चट्टे आणतं. इतकी घाई दुसऱ्या कुठल्या खाद्याला नाही. अडचण एवढीच, की हा उंदीर जाडा होण्याऐवजी वाळत जातो. वजनाचा तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त गमावतो, आणि त्याची साखरही बिघडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली रोग तोच, पिंजऱ्यात मात्र भलताच प्राणी. तरी अनेक वर्षं शेकडो शोधनिबंध याच उंदरावर निघाले, कारण तो लवकर आजारी पडतो आणि प्रकल्पाचे पैसे संपायच्या आत निकाल देतो. माझ्या मते या क्षेत्रातली निम्मी गफलत या घाईच्या पोटी झालेली आहे.

थंडीकडे तर कुणाचं लक्षच नव्हतं. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, शरीर लहान तितकी दर ग्रॅममागची भट्टी तेज. त्या गणितानं उंदराची भट्टी आपल्या सात पट निघते. सुरुवातीच्या हिशेबात मात्र चौदा पट आली. वरची दुप्पट कुठून? काही धावपळीतून, आणि बरीचशी थंडीतून. प्रयोगशाळा २२ अंशांना ठेवतात, कोट घातलेल्या माणसांच्या सोयीनं. उंदराला मानवतं ३० अंश, म्हणजे मुंबईची हवा. २२ अंशांत तो जन्मभर कुडकुडत असतो आणि खाल्लेल्यातला मोठा वाटा ऊब धरण्यात जाळतो. सिनसिनाटीच्या संशोधकांनी २०१७ मध्ये खोलीचं तापमान ३० वर नेलं, खाद्य तेच ठेवलं, आणि यकृताचा आजार ठळकपणे बळावला. एरवी या आजाराला दाद न देणाऱ्या माद्याही आजारी पडल्या. आठ अंश! खाद्याच्या गोळीतला एकेक टक्का तोलणाऱ्यांनी भिंतीवरचा थर्मोस्टॅट सोडून सगळं तपासलं होतं.

उंदीर बाजूला ठेवून जरा बदकाकडे वळू. फ्रान्समध्ये ‘फ्वा ग्रा’साठी बदकांना दहा-बारा दिवस नळीनं मका भरवतात. ऐंशीएक ग्रॅमचं यकृत पाचशे-सहाशे ग्रॅमचं होतं, त्यात निम्म्याहून अधिक चरबी. युरोपच्या नियमानं बदकाचं यकृत ३०० ग्रॅमच्या खाली असेल तर त्याला हे नावच लावता येत नाही. सहा किलोच्या पक्ष्यात सहाशे ग्रॅम म्हणजे शरीराचा दहावा हिस्सा. सत्तर किलोच्या माणसाला त्या प्रमाणात सात किलोचं यकृत लागेल, जे असतं दीड किलोचं. (भारतानं या पदार्थाची आयात २०१४ मध्ये बंद केली.) जगातलं सगळ्यांत टोकाचं फॅटी लिव्हर हेच, पण त्यात चट्टे पडत नाहीत, आणि नळी थांबवली की ते पुन्हा मूळ आकाराला येतं. लांब पल्ल्याच्या स्थलांतराआधी चरबी साठवणं हा पाणपक्ष्यांचा जुना शिरस्ता आहे. वाळवंटी सँड रॅटचं याच्या नेमकं उलट: तो खारट, रसाळ झुडपांवर जगतो, आणि इतर उंदरांना निरोगी ठेवणारं साधं खाद्य दिलं की त्याला मधुमेह आणि फॅटी लिव्हर होतं. त्याच्यापुरतं सात्त्विक जेवणच विष ठरतं.

या सगळ्या गर्दीतला माणसाच्या जवळचा कोण? युरोपातल्या संशोधकांच्या एका गटानं २०२४ मध्ये उंदरांच्या ३९ नमुन्यांची माणसांशी तुलना करून क्रमवारीच लावली. चरबी, साखर आणि कोलेस्टेरॉल एकत्र देणारे ‘पाश्चात्त्य आहारा’चे नमुने वर आले. तरी एक मोठी दरी बुजत नाही. फॅटी लिव्हरचे रुग्ण सर्वाधिक दगावतात ते हृदयविकारानं. उंदराच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल मुख्यतः ‘चांगल्या’ एचडीएल प्रकारात फिरतं, त्यामुळे नुसत्या खाण्यानं त्याच्या रक्तवाहिन्या आपल्यासारख्या तुंबत नाहीत. त्याला सूज येईल, चट्टे येतील, कर्करोगही होईल. आपल्या रुग्णाला ज्यानं मरण येतं, तेवढंच होणार नाही.

उंदीर आणि माणूस यांच्यातल्या फरकाची किंमत औषधांनी मोजली. सेलोनसर्टिब, एलाफिब्रानॉर ही नावं प्राण्यांत चमकली आणि २०१९-२० मध्ये माणसांवरच्या चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यात कोसळली. भारतात झायडसच्या सारोग्लिटाझारला २०२० मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेत पहिलं औषध मंजूर झालं ते मार्च २०२४ मध्ये, रेस्मेटिरॉम. लुडविगच्या त्या वीस रुग्णांनंतर ४४ वर्षांनी. ९६६ माणसांच्या त्या चाचणीत जास्तीच्या मात्रेवरही सूज ओसरली ती २९.९ टक्क्यांची. खोट्या गोळीवर ९.७ टक्क्यांची.

आणि आपलं काय? डुकराच्या चरबीवर पोसलेला जाडजूड उंदीर हा अमेरिकेतल्या रुग्णाचा नमुना म्हणून चालून जाईल. पण बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात गरीब गावकऱ्यांची पाहणी झाली, ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. १,९११ जणांत ८.७ टक्क्यांना फॅटी लिव्हर होतं, आणि त्यातल्या ७५ टक्क्यांचा बीएमआय २५ च्या आतच होता. या कोड्याचं सर्वांत गाजलेलं छायाचित्र पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी उभे आहेत; दोघांचा बीएमआय २२.३. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. ‘द लॅन्सेट’नं ते २००४ मध्ये छापलं. याज्ञिकांचा मुद्दा असा की हे आईच्या पोटातच ठरू लागतं: पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनची. पण हडकुळ्या दिसणाऱ्या या बाळांत स्नायू कमी पडतात, चरबी तेवढी कमी होत नाही.

अशा माणसाचा नमुना सोळा आठवड्यांच्या खाद्यानं घडत नाही. त्यासाठी आनंदवर्धन हर्डीकर, याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॅट घेतले, अर्धपोटी ठेवले, आणि हे तब्बल ५० पिढ्या चालवलं. रॅटची पिढी तीन-चार महिन्यांत उलटते म्हणून ते शक्य झालं. माणसाची पिढी पंचवीस वर्षांची धरली तर पन्नास पिढ्या म्हणजे १,२५० वर्षं. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तिथून मागे मोजत गेलं तर आपण ७६५ साली, वेरूळचं कैलास खोदवणाऱ्या कृष्ण राष्ट्रकूटाच्या राज्यात पोचतो. हे रॅट जन्मतः कमी वजनाचे, पोटाशी चरबी धरणारे, ब-१२ आणि फोलेटची कमतरता असलेले निघाले. स्वादुपिंडाला इजा करणारं रसायन टोचलं तर त्यांना मधुमेह होण्याची शक्यता इतरांच्या आठपट. यात मोजलं गेलं ते मुख्यतः मधुमेहाच्या अंगानं, यकृताच्या नव्हे. पण बीरभूमच्या त्या सडपातळ रुग्णाशी या प्राण्याचं नातं निळ्या गोळ्या खाणाऱ्या उंदरापेक्षा जवळचं आहे.

त्यानंतर या रॅटच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर, नेहमीचं खाद्य दिलं. वजनं वाढली. बिघाड तसाच राहिला. माणसाच्या हिशेबात त्या दोन पिढ्या म्हणजे पन्नास वर्षं.